जपानी वाचताना मध्ये इंग्रजी कशाला?

पत्र

ताई, मी पुण्यात एका विद्यापीठात बीए जपानीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सोलापूर जिल्ह्यात, बारावीपर्यंत मराठी माध्यम. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी डिसेंबरमध्ये एन-५ आणि पुढच्या जुलैत एन-४, दोन्ही परीक्षा पहिल्याच फटक्यात सुटल्या. मग या डिसेंबरमध्ये एन-३ दिली आणि नापास झाले. १८० पैकी ९८ गुण आहेत, पास व्हायला ९५ लागतात, तरीही नापास, कारण वाचनात १७च मिळाले. (शब्द-व्याकरण ४६, वाचन १७, ऐकणं ३५.) वर्गात सगळं इंग्रजीतून समजावतात. मी आधी जपानीचं इंग्रजी करते, मग इंग्रजीचं मराठी, तोवर बाकीच्या मुली पुढच्या परिच्छेदावर गेलेल्या असतात. फुरिगाना (कांजी या चिनीतून आलेल्या चिन्हांवर बारीक अक्षरांत छापलेला उच्चार) नसलेला उतारा समोर आला की हातपाय गळतात. एक सीनियर म्हणते, डिग्री सोड, बाहेर क्लास लाव आणि थेट एन-२ दे, कंपनीत डिग्री कोणी विचारत नाही. बाबा म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, बीकॉमला नाव घाल. मावसभाऊ म्हणतो, भाषांतर आता एआय करतं. माझी भाषेची कुवतच एवढी असेल का?

— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तिन्ही विभागांचे गुण कळवलेस हे फार बरं केलंस. बरीच मुलं मला नुसतं ‘नापास झाले’ एवढंच लिहितात आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुझ्या गुणपत्रिकेवरून मात्र बरंच सांगता येतं.

एन-३ ला तीन विभाग, प्रत्येक ६० गुणांचा, आणि प्रत्येकात किमान १९ गुण लागतात. तुझं वाचन दोन गुणांनी अडलं. शब्द आणि व्याकरणात ४६ म्हणजे उत्तम. ऐकण्यात ३५, म्हणजे त्याची काळजी नको. ज्या मुलीला व्याकरण येतं, शब्द येतात, कानाने ऐकलेलं कळतं, तिला तेच व्याकरण आणि तेच शब्द कागदावर परिच्छेदाच्या रूपात आले की कळत नाहीत, असं कसं होईल? कळतात, पण वेळेत कळत नाहीत. एन-३ ला व्याकरण आणि वाचन एकाच ७० मिनिटांच्या पेपरात असतं. व्याकरण आधी येतं, तिथे तू चोख उत्तरं दिलीस, त्यात वेळ गेला, आणि शेवटचे लांब उतारे बहुधा घाईघाईत उरकलेस. हा कुवतीचा प्रश्न नाही, वेगाचा आहे. आणि वेग का कमी आहे ते तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे: जपानीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी.

त्याकडे येते, पण आधी एक गोष्ट. एन-४ आणि एन-२ यांच्या मध्ये तुला जी चढण लागते आहे ती तुझ्या कल्पनेतली नाही. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली तेव्हा तिच्या चारच पातळ्या होत्या. जुनी तिसरी पातळी म्हणजे साधारण आजची एन-४. तिला ३०० कांजी, १५०० शब्द आणि ३०० तासांचा अभ्यास धरलेला असे. त्यावरची दुसरी पातळी, म्हणजे आजची एन-२, तिला एकदम १००० कांजी, ६००० शब्द आणि ६०० तास. शब्द चौपट, कांजी तिपटीहून जास्त. जगभरातली मुलं इथेच अडायची, म्हणून २०१० साली परीक्षा बदलली तेव्हा मध्ये एन-३ ही नवी पायरी घातली. तू जुलैत एन-४ आणि डिसेंबरमध्ये एन-३ दिलीस, म्हणजे मध्ये पाच महिने. त्यात ९८ गुण आणलेस, याचा तुला अभिमान वाटायला हवा.

आता इंग्रजीचं. हे वाक्य बघ:

किनो हाहा गा इचिबा दे कात्ते किता यासाइ.

काल आईनं बाजारात विकत घेऊन आणलेली भाजी.

एकेका शब्दावर बोट ठेवून दोन्ही ओळी वाच. काल, आईनं, बाजारात, घेऊन आणलेली, भाजी. क्रम तोच. भाजीचं सगळं वर्णन भाजीच्या आधी येतं, आणि भाजी सगळ्यात शेवटी. हेच तू इंग्रजीतून लावायला गेलीस की आधी ओळीच्या टोकाला जाऊन भाजी शोधावी लागते, मग मागे येऊन आई, मग बाजार, मग काल. एका ओळीत हे निभतं. एन-३ च्या उताऱ्यात असं वर्णन दीड-दोन ओळींचं असतं आणि एका वाक्यात अशी दोन वर्णनं असतात. तू प्रत्येक वाक्य दोनदा वाचतेस, एकदा पुढून आणि एकदा मागून. तुझे उतारे अपुरे राहिले ते यामुळे. मराठीतून वाचलंस तर एकदाच, डावीकडून उजवीकडे, सरळ जाता येतं. इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणींना ही सोय सहजी सुचत नाही. तुला ती आहे आणि तू ती बाजूला ठेवली आहेस, कारण वर्गात कोणी ती वापर असं सांगितलं नाही.

असंच वाक्याच्या शेवटाचं. ‘आशिता आमे गा फुरु तो ओमोउ’: उद्या पाऊस पडेल असं वाटतं. जपानी ‘तो’ आणि आपलं ‘असं’ एकाच जागी बसतं. लेखकाचं मत कुठे संपलं आणि लोक काय म्हणतात ते कुठे सुरू झालं, हा एन-३ च्या वाचनातला हमखास प्रश्न असतो. तो या ‘असं’वर नजर ठेवली की सुटतो.

आणि ती क्रियापदं, ज्यांच्यासाठी इंग्रजी पुस्तकांना पान-पानभर समजावावं लागतं! ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. ‘काइते ओकु’, लिहून ठेवणं. ‘ताबेते शिमाउ’, खाऊन टाकणं. ‘मोत्ते कुरु’, घेऊन येणं. ‘शिते मोराउ’, करून घेणं. ‘ओचिरु’ आणि ‘ओतोसु’ या जोडीने वर्गात अर्धा तास खाल्ला असेल, पण ते आपलं पडणं आणि पाडणं. ‘वारेरु’ आणि ‘वारु’, फुटणं आणि फोडणं. मी वर्षानुवर्षं जपानी शिकवते आहे आणि मराठी मुलांना हे इंग्रजीतून समजावलेलं पाहिलं की मला खरोखर वाईट वाटतं. घरात रोज बोलतो तीच रचना परकी म्हणून पाठ करायला लावायची!

तेव्हा आजपासून शब्दांची वही मराठीत कर. समासात इंग्रजी अर्थ लिहायचा नाही. अवघड वाक्य आलं की त्याचं मराठी जपानीच्याच क्रमानं लिहायचं, ते ऐकायला थोडं अवघडलेलं वाटलं तरी चालेल. दोन-तीन महिन्यांत लिहिण्याची गरज उरणार नाही आणि त्यानंतर मराठीचीही फारशी उरणार नाही.

मराठीवर कुठे विसंबायचं नाही तेही सांगते, नाहीतर नव्या चुका गोळा करशील. ‘पुण्यात राहते’ आणि ‘पुण्यात शिकते’ या दोन्हीत आपल्याला एकच ‘त’ पुरतो. जपानीत राहण्याला ‘नि’ आणि शिकण्याला ‘दे’. ‘देणं’ आपल्याकडे एकच, त्यांच्याकडे मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्यानं मला दिलं तर ‘कुरेरु’. उताऱ्यात कर्ता गाळलेला असतो तेव्हा कोणी कोणासाठी केलं हे या क्रियापदांवरूनच ओळखायचं असतं, म्हणून हे पक्कं हवं. आदरार्थीचं तर उलटच. आपण बाहेरच्या माणसाला फोनवर सांगू, ‘साहेब बाहेर गेलेत.’ जपानी कार्यालयातली मुलगी बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांच्या नावाला ‘सान’ लावणार नाही आणि क्रियापदही नम्रतेचं वापरेल, कारण त्या क्षणी साहेब तिच्या घरातले आणि समोरचा बाहेरचा. आपल्या तू-तुम्ही-आपण या संस्कारातून हे येत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. पण ते तिसऱ्या वर्षाचं काम आहे, आत्ता नको.

कांजीबद्दल तू वेगळं काही विचारलेलं नाहीस, पण फुरिगाना गेला की हातपाय गळतात म्हणतेस, त्याचं मूळ कांजीतच आहे. तू कांजी एकेक सुटा पाठ करत असशील असा माझा अंदाज आहे. एन-४ च्या ३०० पर्यंत ते चालतं. पुढे हजाराकडे जाताना चालत नाही, आणि रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत तर २१३६ आहेत.

दोन गोष्टी कर. पहिली म्हणजे प्रत्येक कांजीचे दोन उच्चार गोंधळ घालतात असं न समजता आपल्या भाषेत ते आहेतच हे लक्षात घे. आपण ‘पाणी पी’ म्हणतो, पण जोडशब्दात जल येतं: जलाशय, जलवाहतूक, जलविद्युत. जपानीतही पाणी एकटं असलं की ‘मिझु’, जोडशब्दात गेलं की बहुतेकदा ‘सुइ’: नळाचं पाणी ‘सुइदो’, पोहणं ‘सुइएइ’, बुधवार ‘सुइयोबी’. आपण संस्कृतातून घेतलं, त्यांनी चिनीतून. अनोळखी जोडशब्द दिसला की आधी हा जोडशब्दातला उच्चार लावून बघ, बऱ्याचदा जमून जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे कांजी कुटुंबानं शीक. निळ्या रंगाचा जो कांजी आहे त्याचा जोडशब्दातला उच्चार ‘सेइ’. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की अर्थ होतो निर्मळ, उच्चार ‘सेइ’. सूर्य काढला की आभाळ निवळणं, उच्चार ‘सेइ’. तांदूळ काढला की सत्त्व, सार, उच्चार ‘सेइ’. बोलण्याचं चिन्ह काढलं की विनंती, तरी उच्चार ‘सेइ’च. डावीकडचा भाग अर्थाकडे बोट दाखवतो, उजवीकडचा उच्चार सांगतो. अपवाद आहेत (हृदयाचं चिन्ह लावलं की भावना, आणि तिथे ‘जो’ उच्चार जास्त चालतो), पण एका घरातले पाच-सहा कांजी एकत्र शिकलीस तर पाठ करण्याचं ओझं निम्म्यानं उतरतं. वहीचं एक पान एका कुटुंबाला दे. हाताने लिही, कारण तुझ्या विद्यापीठाच्या परीक्षेत लिहावं लागतंच आणि लिहिलेलं डोळ्याला लवकर ओळखू येतं.

वाचायचं काय? पाठ्यपुस्तकातले उतारे नव्हेत. ते अभ्यासासाठी असतात, प्रत्येक वाक्यात एक नवा खडा मुद्दाम टाकलेला. वेग येतो तो सोपं आणि पुष्कळ वाचल्याने. जपानीत याला ‘तादोकु’ म्हणतात आणि त्यासाठी पातळीनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टींची पुस्तकं आहेत, त्यांतली बरीच नेटवर फुकट वाचता येतात. तादोकुचे नियम मला फार आवडतात: अगदी सोप्यापासून सुरुवात करायची, शब्दकोश उघडायचा नाही, अडलेला शब्द सोडून पुढे जायचं, आणि पुस्तक जमेना तर ते ठेवून दुसरं घ्यायचं. तुझ्यासारख्या मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलींना हे पटत नाही, त्यांना प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची असते. पण रोज रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटं, रेघ न मारता, एन-४ च्या आतलं काहीतरी वाच. लाज वाटेल इतकं सोपं चालेल. पुढे एन-२ ची तयारी झाली की ‘आओझोरा बुंको’ या नेटवरच्या मोफत ग्रंथालयात जुन्या जपानी लेखकांच्या लहान मुलांसाठीच्या गोष्टी सापडतील. एखादी अख्खी जपानी गोष्ट, जपानी मुलांसाठी लिहिलेली, स्वतःच्या बळावर संपवली की माणूस बदलतो. मी हे विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

परीक्षेच्या पेपरापुरती एकच सूचना देते. ७० मिनिटांतली २५ हून जास्त व्याकरणाला द्यायची नाहीत. न येणारं सोड, काहीतरी खूण कर आणि उताऱ्याकडे जा. घरी सरावाला बसताना घड्याळ समोर हवंच.

आता डिग्रीबद्दल. तुझ्या सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जपानीची जागा निघते तेव्हा आधी एन-२ आहे का हेच बघतात. पण या परीक्षेत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, सगळे पर्याय निवडायचे. एन-२ हातात असून मुलाखतीत दोन वाक्यं धड बोलता न येणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांची निराशा तुझ्याहून मोठी असते. विद्यापीठात साकुबुन (निबंधलेखन) आहे, काइवा (संभाषण) आहे. ४०० चौकोनांच्या त्या गेन्को-योशी कागदावर पूर्णविरामाला स्वतंत्र चौकोन देत, ओळीच्या पहिल्या चौकोनात तो येऊ न देता निबंध लिहायला लागतो तेव्हा तुला ते कटकटीचं वाटत असेल. पण सेन्सेई लाल पेनानं तुझं लेखन दुरुस्त करून देतात, ही गोष्ट परीक्षेच्या तयारीच्या क्लासात सहसा मिळत नाही. बाहेरचा क्लास उन्हाळ्याच्या सुट्टीत जरूर लाव. डिग्रीच्या जागी नको.

आणि थेट एन-२ तर नकोच. १७ गुणांच्या वाचनावर एन-२ चे उतारे म्हणजे आणखी एक नापास आणि फी वाया. जुलैत पुन्हा एन-३ दे. या परीक्षेत सुटलेले विभाग पुढच्या वेळेसाठी धरले जात नाहीत, तिन्ही परत द्यावे लागतात, म्हणून ऐकण्याचा सराव बंद करू नकोस. त्यानंतर एन-२ ला किमान वर्ष दे. रोजचा एक प्रामाणिक तास धरला तरी वर्षाला साडेतीनशेच्या वर तास होतात, विद्यापीठातले तास वेगळे. एन-१ चा विचार एमएला कर. तिथे वर्तमानपत्र, साहित्य, भाषांतर असं खरं खोल पाणी आहे. पुण्यातच टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एमए करता येतं, बाहेर पडायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आहे, शांतिनिकेतनचं विश्वभारती आहे.

एआयबद्दल मावसभावाला सांग की पत्रं आणि माहितीपुस्तिका यांचं काम यंत्राने खरंच बरंच उचललं आहे, आणि नुसत्या त्यावर करिअर बांधू नये हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण कारखान्यात जपानी इंजिनियर यंत्रापाशी उभा राहून अर्धवट वाक्यांत, कर्ता गाळून काहीतरी सांगतो आणि समोर आपला मराठी ऑपरेटर उभा असतो. तिथे जपानीतून थेट मराठीत बोलणारी मुलगी लागते. इंग्रजीमार्गे जाणाऱ्या दुभाष्यापेक्षा ती लवकर आणि नेमकं सांगते. त्या ऑपरेटरला शंका विचारायलाही तिची भीती वाटत नाही. ज्या मराठी माध्यमाची तुला अडचण वाटते त्याची किंमत तिथे कळते.

बाबांशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नकोस. ते चिडलेले नाहीत, घाबरलेले आहेत. गावाकडे या शिक्षणाचं पुढे काय होतं याचं एकही उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. त्यांना ही गुणपत्रिका दाखव, कुठे दोन गुण कमी पडले ते दाखव, जुलैची तारीख सांग. आणि त्यांना हेही सांग की जपान सरकारची एक शिष्यवृत्ती खास तुझ्यासारख्यांसाठी आहे: आपल्या देशात पदवीला जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मुख्य विषय घेतलेल्यांना तिथल्या विद्यापीठात सुमारे एक वर्ष शिकता येतं. विमानभाडं, फी आणि दरमहा विद्यावेतन जपान सरकार देतं. क्लास लावून एन-२ झालेल्या मुलाला ती मिळत नाही, बीकॉम करणाऱ्यालाही नाही. अट अशी की जाताना आणि परत आल्यावरही तू पदवीची विद्यार्थिनी असायला हवीस, म्हणून शेवटच्या वर्षाच्या टोकाला जाग येऊन उपयोग नसतो. जाणं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असतं आणि अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी, जपानी दूतावासामार्फत किंवा विद्यापीठांच्या आपसातल्या करारातून. तुमच्या विद्यापीठाचा असा करार आहे का, परत आल्यावर राहिलेलं वर्ष कसं पूर्ण करता येतं, हे विभागप्रमुखांना याच आठवड्यात जाऊन विचार. जुलैच्या परीक्षेची नोंदणीही कधी उघडते त्यावर लक्ष ठेव, पुण्याच्या केंद्रावरच्या जागा झपाट्यानं भरतात.

तुझी,
ताई